पंडिता रमाबाई आणि शास्त्रवचनांतील भेद

पवित्र शास्त्र नियमाने वाचणाऱ्या प्रत्येक मंडळीत एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. मत्तय येशूच्या वंशावळीत योसेफाच्या बापाचे नाव याकोब असे देतो आणि लूक एली असे देतो. मग खरे कोणते मानावे? पौल रोमकरांस लिहितो की मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि याकोब लिहितो की केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनीही. मग आम्ही कोणाचे ऐकावे? आमच्या वाशीम जिल्ह्यात जऊळक्यासारख्या खेड्यांतून शाळा शिकलेली मुलेमुली असे प्रश्न विचारू लागली, म्हणजे काही वडीलधारी माणसे घाबरतात आणि विचारणाऱ्यासच अविश्वासी ठरवितात. दुसरे कोणी घाईने काहीतरी उत्तर देऊन मोकळे होतात. दोन्ही रीतींनी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. तो एक तर मुकाट्याने बसतो, नाही तर मुकाट्याने निघून जातो.

ह्या प्रश्नाशी जन्मभर झगडलेल्या एका विदुषीचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. पंडिता रमाबाई यांचे नाव ज्या घरी ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर महाराष्ट्रात विरळा. केडगावचे मुक्ती सदन, दुष्काळातून वाचविलेल्या मुली, विधवांचे शिक्षण, ह्या गोष्टी अनेक वेळा सांगितल्या गेल्या आहेत. परंतु परस्परविरुद्ध दिसणाऱ्या शास्त्रवचनांपुढे त्या कशा उभ्या राहिल्या, ही त्यांच्या चरित्राची बाजू फारशी सांगितली जात नाही. आमचा भर तीवरच राहील.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीस ही विद्या देणे त्या काळी अधर्म मानीत, म्हणून शास्त्रीबोवांस विद्वानांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी भांडण केले नाही. जुन्या ग्रंथांतीलच वचने गोळा करून त्यांनी असे दाखविले की स्त्रियांस संस्कृत शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही. वेद शिकविण्यापर्यंत मात्र त्यांचेही पाऊल गेले नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीस शिकविले, आणि लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंस मुखोद्गत झाले. एका वचनाने बंद झालेली वाट दुसऱ्या वचनाने उघडता येते, हा धडा त्यांस असा घरीच मिळाला.

हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराण सांगत देशभर फिरत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात प्रथम वडील, मग आई व थोरली बहीण अन्नान्न करीत वारली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. सुमारे चार हजार मैल बहुतेक पायी चालून ती भावंडे १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

त्यांच्या जीवनाचा ओघ वळला तो येथेच. शास्त्रांनी स्त्रियांस कोणती कर्तव्ये सांगितली आहेत ह्या विषयावर पडद्यातील स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावीत, अशी पंडितांनी त्यांस विनंती केली. त्याकरिता रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ मिळवून नीट वाचिले. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी ह्या वाचनाचे फळ नमूद केले आहे. हे ग्रंथ जवळजवळ प्रत्येक बाबतीत एकमेकांशी भांडतात असे त्यांस दिसले. एक ग्रंथ जे अगत्याचे म्हणतो ते दुसरा गौण मानतो. परंतु दोन गोष्टींवर त्या सर्वांचे एकमत होते. स्त्रीजात स्वभावतः अपवित्र आहे, ही एक. स्त्री व शूद्र यांस पुरुषांप्रमाणे मोक्षाचा सरळ मार्ग खुला नाही, ही दुसरी.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ग्रंथांत मतभेद सापडले म्हणून रमाबाईंचा विश्वास ढळला नव्हता. त्या पंडिताच्या कन्या होत्या, आणि मतभेदांचा निवाडा कसा करितात हे त्यांनी वडिलांपासून पाहिले होते. त्यांच्या मनास लागले ते हे, की सगळे भेद मिटून जेथे ग्रंथ एक झाले, तेथे आपल्यासारख्यांस दार बंद होते. तेव्हापासून कोणताही धर्मग्रंथ हाती आला की त्या दोन प्रश्न विचारीत. वचने एकमेकांशी जुळतात की नाही हा पहिला. सर्व वचने मिळून मनुष्यास कोठे नेतात हा दुसरा, आणि तो पहिल्याहून मोठा.

१८८० साली श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि त्यांनी ती गोडीने वाचिली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने वारले. तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, आणि मिस हर्फर्ड ह्या बाईंजवळ इंग्रजी व मराठी नवा करार शिकू लागल्या. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या आणि वॉन्टेज येथील भगिनींच्या मठात राहिल्या.

त्या भगिनींनी त्यांस लंडनजवळ फुलहॅम येथे पतित स्त्रियांकरिता चालविलेला आश्रम दाखविला. जिला समाजाने टाकून दिले तिला येथे प्रेमाने सांभाळितात, हे पाहून रमाबाईंनी ह्याचे कारण विचारिले. तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. ज्या ग्रंथाच्या शोधात त्या होत्या तो त्यांस ह्या अध्यायात भेटला. विहिरीवर आलेली ती बाई परजातीची, बदनाम, आणि स्त्री. तिच्याशी ख्रिस्त देवाच्या खऱ्या उपासनेविषयी बोलतो. दार तिच्यावर बंद करीत नाही. तरी रमाबाईंच्या बुद्धीस पुरावा हवा होता. काशीचे जुने पंडित नीळकंठशास्त्री गोरे हे १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नहेम्या गोरे झाले होते. त्यांनी हिंदुस्थानातून पाठविलेल्या पत्राने त्यांच्या पुष्कळ शंका दूर झाल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने प्रश्न संपले असे आमच्यापैकी पुष्कळांस वाटते. रमाबाईंच्या बाबतीत अधिक कठीण प्रश्न त्यानंतरच सुरू झाले. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकत व संस्कृत शिकवीत असता, त्यांनी पुरुषांसही शिकवावे अशी सूचना १८८४ साली निघाली. तिला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांस शिकविणे त्यांस योग्य वाटेना. रमाबाईंस ह्याचा फार विस्मय वाटला व दुःखही झाले, कारण कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या भरल्या सभांतून त्या बोलल्या होत्या. जे दार मागे बंद पाहिले होते तेच येथेही कोणी ओढून घेत आहे, असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही.

हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतही अजून जिवंत आहे, म्हणून त्यामागील वचने आम्ही येथे तपासून पाहू. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात (३४) स्त्रियांनी मंडळीत उगे राहावे असे पौल लिहितो. परंतु त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात (५) स्त्रीने प्रार्थना करिताना किंवा संदेश देताना मस्तक झाकावे, असे तो सांगतो. ज्या स्त्रीस बोलण्याचीच मनाई, तिने बोलताना काय करावे हे कोण सांगेल? एकाच लेखकाने एकाच पत्रात हे लिहिले आहे, तेव्हा आपल्याच शब्दांचा त्यास विसर पडला असे म्हणता येत नाही. चौदावा अध्याय पुन्हा सावकाश वाचावा. तेथे उगे राहण्याची आज्ञा तिघांस आहे. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने उगे राहावे (२८). दुसऱ्यास प्रकटीकरण झाले तर पहिल्या संदेष्ट्याने उगे राहावे (३०). आणि मग स्त्रियांनी. मूळ ग्रीक भाषेत तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. पहिल्या दोघांस कोणी जन्मभर गप्प बसवीत नाही. सभेतील गोंधळ थांबावा म्हणून ती आज्ञा आहे हे सर्वांस समजते. मग तिसऱ्या ठिकाणी तोच शब्द सर्व काळाकरिता व सर्व स्त्रियांकरिता कसा झाला? शिवाय रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फिबी ह्या मंडळीच्या सेविकेची शिफारस करितो, आणि प्रेषितांच्या कृत्यांत (१८:२६) प्रिस्किल्ला व तिचा पती अपुल्लोसासारख्या वक्त्यास देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देतात. ही मांडणी आमची आहे. परंतु ज्या शोमरोनी स्त्रीच्या सांगण्यावरून गावातील पुष्कळ लोकांनी ख्रिस्तावर विश्वास ठेविला, तिच्या गोष्टीने रमाबाई ख्रिस्ताकडे आल्या, हे विसरून चालणार नाही.

दुसरा वाद ह्याहून खोल होता. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता. परंतु त्रैक्याचे जे विवरण चर्चच्या जुन्या मतांगीकारांत, विशेषतः अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकारात आहे, ते त्यांस मान्य होईना. पुत्र व पिता एक आहेत असे योहानाच्या शुभवर्तमानात (१०:३०) वाचावयास मिळते, आणि पिता पुत्राहून थोर आहे असेही त्याच शुभवर्तमानात (१४:२८) मिळते. असा भेद माणसांनी रचलेल्या सूत्राने मिटवावा की शास्त्र वाचूनच त्याचा उलगडा करावा, हा खरा मुद्दा होता. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचे म्हणणे असे की चर्चच्या शिकवणुकीपुढे नम्र व्हावे. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून मोठ्या कष्टाने सुटलो आहो, आता दुसरे जू मानेवर घेणार नाही. देवाने बुद्धी व विवेक दिले आहेत आणि शास्त्र हाती आहे. १८८५ सालचा त्यांचा पत्रव्यवहार वाचला असता दोहों बाजूंची कळकळ दिसून येते, आणि कधी कधी कठोर शब्दही आढळतात. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका मिस डोरोथिआ बील यांनी मात्र निराळी वाट धरिली. त्या स्वतः संशयाच्या अंधारातून गेल्या होत्या. त्यांनी रमाबाईंस दटाविले नाही. त्यांचे प्रश्न ऐकून घेतले आणि धीराने उत्तरे दिली.

रमाबाई आडमुठ्या होत्या की प्रामाणिक, ह्याविषयी मतभेद होतील. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की जे पटले नाही ते पटले असे त्यांनी म्हटले नाही, आणि जे पटले नाही त्याकरिता ख्रिस्तास सोडिलेही नाही. इंग्लंडात नाना पंथ पाहून, आणि प्रत्येक पंथ एकाच शास्त्राचा आधार घेतो हे पाहून, त्या फार गोंधळल्या, असे त्यांनीच पुढे लिहिले. तरी शास्त्राचे पान त्यांनी मिटले नाही. कालांतराने ख्रिस्ताचे देवत्व त्यांनी मनापासून मानिले, पण ते धाकाने नव्हे, वाचून व प्रार्थना करून.

मधल्या वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांकरिता शारदा सदन उघडिले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९१ च्या सुमारास त्यांस एक नवी जाणीव झाली. आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो अजून सापडला नव्हता, असे त्यांस वाटले. बाप्तिस्म्यास तेव्हा आठ वर्षे झाली होती. इतकी वर्षे अपुऱ्या उजेडात चालूनही त्यांनी सेवा थांबविली नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी विधवा व मुली गोळा करून आणिल्या, केडगाव येथे मुक्ती सदन उभे केले, आणि १९०० च्या दुष्काळात तेथे सुमारे दोन हजार जीव आश्रयास होते.

ह्या मुलींच्या हाती शास्त्र द्यावयाचे, तर प्रचलित मराठी भाषांतर त्यांस जड जाई. त्यात संस्कृत शब्दांचा भरणा फार. ज्या स्त्रीने आयुष्यात पुस्तक धरिले नाही तिला ते समजावे कसे? म्हणून जिच्या संस्कृतापुढे पंडितांनी माना डोलाविल्या, तीच बाई सोप्या मराठीत शास्त्र आणावयास बसली. त्यासाठी प्रौढ वयात त्या इब्री व ग्रीक ह्या मूळ भाषा शिकल्या. आयुष्याची शेवटली सुमारे पंधरा वर्षे ह्या कामी गेली. छपाई मुक्ती सदनातील छापखान्यात झाली, आणि खिळे जुळविण्यापासूनचे काम तेथील स्त्रियांनी केले.

वचनांतील भेदाविषयी भाषांतर करणाऱ्याइतकी कोणाचीच कसोटी लागत नाही. उपदेशकास अडचणीचे वचन टाळता येते. भाषांतरकारास एकही ओळ टाळता येत नाही. मत्तयाच्या पानावर त्यास याकोब लिहावा लागतो आणि लूकाच्या पानावर एली. रमाबाईंचे भाषांतर मूळ शब्दाला घट्ट धरून चालते, इतके की त्यात मराठीचा ओघ कोठे कोठे तुटतो, असा विद्वानांनी त्यास दोष दिला. मंडळ्यांत प्रचलित भाषांतराची जागा ते घेऊ शकले नाही, हेही खरे. परंतु मूळ शब्दाशी इमान राखण्याची ही वृत्ती आम्हांस वंदनीय वाटते. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. आईवर एवढा घाव पडला तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचा अंत झाला, तोपर्यंत त्या ह्याच कामात गुंतल्या होत्या. संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले.

आता ह्या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे?

पहिली गोष्ट ही की कोण कोणास, कोणत्या प्रसंगी बोलत आहे हे पाहावे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यास हे शिकवावे लागत नाही. हलक्या जमिनीच्या धन्यास जाणता म्हातारा एक सल्ला देतो आणि काळ्या भारी जमिनीच्या धन्यास दुसरा. त्यास कोणी खोटा म्हणत नाही. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात (४, ५) मूर्खास उत्तर देऊ नये आणि मूर्खास उत्तर द्यावे, ही दोन वचने लागोपाठ ठेविली आहेत. ज्यांनी ती शेजारी मांडली त्यांस भेद दिसला नव्हता काय? पौल नियमशास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्यांशी बोलतो. याकोब उघड्या व उपाशी भावास गोड शब्द बोलून वाटेस लावणाऱ्यांशी बोलतो. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात.

दुसरी गोष्ट ही की प्रत्येक लेखकाचा हेतू पाहावा. मत्तय वंशावळ अब्राहामापासून आणितो, कारण इस्राएलास दिलेले वचन पुरे झाले हे त्यास दाखवावयाचे आहे. लूक ती आदामापर्यंत नेतो, कारण तारणारा सर्व मनुष्यजातीचा आहे. दोन नावांचा मेळ घालण्यास प्राचीन गुरूंनी निरनिराळे उलगडे सुचविले; त्यांतील एकच खरा असे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. तसे म्हणण्याची गरजही नाही. दोन्ही पाने आहेत तशी वाचली असता दोन्ही हेतू स्पष्ट दिसतात.

तिसरी गोष्ट ही की माप एकच असावे. दुसऱ्याच्या ग्रंथातील भेद दिसला की हसावे आणि आपल्या ग्रंथातील दिसला की झाकावे, हे न्यायाचे नव्हे. अनंतशास्त्र्यांनी आपल्याच ग्रंथांतून स्त्रीस विद्येची वाट काढून दाखविली, हे ध्यानात ठेवावे. रमाबाईंनी कलकत्त्यास जे माप वापरिले तेच इंग्लंडातही वापरिले, आणि बिशपांपुढेही ते बदलिले नाही.

चौथी व मुख्य गोष्ट ही की वचनांचा जो अर्थ दीनदुबळ्यांवर दार लावून घेतो, तो स्वीकारण्यापूर्वी पुन्हा पुन्हा तपासावा. विहिरीवरच्या स्त्रीस ज्याने आपण होऊन हाक दिली, त्याच्या मंडळीत कोणा विधवेस प्रार्थना करण्यास उभे राहू द्यावे की नाही, हा वाद निघाल्यास उत्तर कोठे शोधावे हे आमच्या वडीलवर्गास आता सांगावयास नको.

पाळकांस व वडिलांस आमची विनंती आहे की येत्या आठवड्यांत तरुण भावाबहिणींस एकत्र बसवून १ करिंथकरांस पत्राचे अकरा व चौदा हे अध्याय सबंध वाचावेत, आणि कोणी अडचण विचारली तर त्यास मिस बील यांच्याप्रमाणे धीराने ऐकून घ्यावे. बिरुया येथील लोक रोज शास्त्र शोधून पाहत, म्हणून लूक त्यांस थोर मनाचे म्हणतो (प्रे. कृत्ये १७:११). आमच्या खेड्यांतील मंडळ्यांसही ते नाव मिळो.